तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोवरून का नाही रंगवत?

घरी आलेला पाहुणा आधी भिंतीवरची चित्रं बघतो, मग खिडकीत पेल्यात ठेवलेलं फूल बघतो आणि हमखास म्हणतो, "एवढी धावपळ कशाला? संध्याकाळपर्यंत मान टाकणार ते. फोटो काढून ठेवायचा आणि सावकाश रंगवायचं!" गेल्या आठवड्यात पुन्हा हाच प्रश्न आला आणि समोरचा चहा निवला तरी मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

मी तैलरंगात फुलं रंगवते, आणि फोटोवरूनही रंगवलेलं आहे. सुरुवातीची दोन वर्षं तेच केलं. अंगणातल्या लाल जास्वंदीचे किती फोटो काढले असतील! पण गडद लाल फुलाच्या फोटोत लाल रंग एका मर्यादेपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. त्यापुढचे बारीक फरक बहुतेक वेळा नोंदलेच जात नाहीत. पाकळीवरच्या चुण्या, शिरा, देठाकडची जांभळट झाक हे सगळं एका सपाट लाल डागात जिरून जातं. आणि मी तो डाग दोन वर्षं इमानाने रंगवत होते. एके दिवशी चित्राशेजारी खरं फूल धरलं आणि पोटात खड्डा पडला. फोटोत जे नव्हतंच, ते मी आणणार कुठून?

तेव्हापासून फूल समोर असल्याशिवाय ब्रश उचलत नाही.

अनंताचंच घ्या. पहिला पाऊस झाला की शेजारच्या काकू सकाळी कुंपणावरून एक फूल हातात देतात. त्या दिवशी ते पांढरंशुभ्र असतं, दुसऱ्या दिवशी सायीसारखं, तिसऱ्या दिवशी जुन्या कागदासारखं पिवळट. पांढरं म्हणतो खरं आपण, पण दहा मिनिटं नुसतं बघत बसलं की पांढरा सापडेनासा होतो. पाकळ्यांच्या मधल्या खोलगट जागेत फिकट हिरवा असतो, खालच्या पानांवरून उसळून आलेला. खिडकीकडच्या पाकळीतून उजेड आरपार येतो, तिथे लिंबाच्या सालीचा पिवळा. सावलीतल्या पाकळीवर पावसाळी आभाळाचा निळसर करडा. ट्यूबमधून निघालेला नुसता पांढरा, म्हणजे टिटॅनियम व्हाइट, मी फक्त एका जागी लावते, वळलेल्या काठावर उजेड चमकतो तिथे, आणि तोही सगळ्यात शेवटी. बाकीच्या पांढऱ्यात कुठे व्हिरिडियन या हिरव्याचा कण, कुठे यलो ऑकर हा मातकट पिवळा, कुठे निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून केलेला करडा. हे सगळं मी फुलाकडे बघून शिकले.

क्रम ठरलेला आहे. आधी फूल, मग पान, मग पेला. पार्श्वभूमी दुसऱ्या दिवशी केली तरी चालते, भिंत कुठे जात नाही.

उजेडाबद्दलही सांगायला हवं. उत्तरेच्या खिडकीत बसून रंगवा, तिथला उजेड दिवसभर एकसारखा राहतो, असं युरोपातली पुस्तकं सांगतात. त्यांच्याकडे ते खरंच आहे. आमच्या पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे नेमका अनंताच्या दिवसांत, ढग हटले की, त्या 'शांत' खिडकीत ऊन उतरतं आणि सगळ्या सावल्या बदलतात. मला हे कळायला दोन पावसाळे गेले. आता त्या दिवसांत सकाळी साडेसातला बसते आणि दहाला उठते.

मग जलरंग का नाहीत, पटकन होतील, असंही विचारतात. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. त्यामुळे रंग दोन-तीन दिवस ओला राहतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. सकाळी लावलेली कड दुपारी बोटाने मऊ करता येते, चुकलेली पाकळी सुरीने खरवडून पुन्हा करता येते. फूल घाईत असतं, रंग निवांत असतो, आणि मला या दोघांच्या मधे बसायला आवडतं. (एक मात्र लक्षात ठेवा. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा झालेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. मी त्या पाण्यात बुडवून मगच टाकते.)

बाहेर रंगवायला गेलं की फूल खुडावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडतं. मार्चमध्ये सासवडच्या बाजूला एका शेताच्या बांधावर पळस फुलला होता. म्हणतात ना, पळसाला पानं तीनच. पण तेव्हा तीही झडलेली असतात आणि झाडभर फक्त फुलं. वाऱ्याने पडू नये म्हणून ईझलला, म्हणजे चित्राच्या घोडीला, दगडाची पिशवी लटकवली आणि कॅडमियम ऑरेंज आणि लाल घेऊन कामाला लागले. तासाभराने शेतातल्या आजी येऊन मागे उभ्या राहिल्या.

"सकाळधरनं एकाच झाडाला बसलीस व्हय गं? फोटू काढ की."

मी हसले. आजी बांधावर टेकल्या, चित्राकडे बघत राहिल्या आणि मग खाली पडलेलं एक फूल उचलून माझ्यापुढे धरलं. "तू नुसतं लालच लावलंस. ह्याचं काळं कुठंय?"

मी फूल हातात घेतलं. पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी, आणि ती जिथून निघते ती वाटी काळपट तपकिरी, मखमलीसारखी लव असलेली. झाडभर हजारो वाट्या होत्या आणि मला एकही दिसली नव्हती. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन घालून फांद्यांच्या कडेने तो काळा ठिपक्या-ठिपक्यांनी लावत गेले, तसतसं केशरी पेटत गेलं. आजी तोवर सांगत होत्या की त्यांच्या लहानपणी हीच फुलं उकळून रंगपंचमीचा रंग करायचे आणि तो लाल नव्हे, पिवळा यायचा.

साडेनऊला ऊन फिरलं, तेव्हा थांबले. ओला रंग पुसू नये म्हणून चित्रांचे बोर्ड समोरासमोर धरून मधे कोपऱ्यांत बुचं घातली, दोरी बांधली आणि एसटीने मांडीवर घेऊन आले.

फुलासाठी ताटकळणारी मी पहिली नाही. डच चित्रकार यान फान हाउसम अठराव्या शतकात फुलांच्या चित्रांसाठी नावाजलेला होता. 1742 साली त्याने एका गिऱ्हाइकाला कळवलं होतं की मागच्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही, नाहीतर चित्र पूर्ण झालं असतं. एका गुलाबासाठी वर्षभर! हे वाचलं तेव्हा तो मला घरचाच माणूस वाटला.

तर पुढच्या वेळी याल तेव्हा सकाळी सातला या. जास्वंद तेव्हा उमलत असते आणि संध्याकाळी आलात तर मिटलेली सापडेल. खिडकीशी दुसरी खुर्ची ठेवलेली आहे, फूल तुम्हीच खुडा.