तीन वाजताची नळी

"सिस्टर, तुमची थोडी थुंकी हवी होती."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्याकडे बेड मागितला, रक्ताची चिठ्ठी मागितली, मोबाइलचा चार्जर मागितला. थुंकी पहिल्यांदाच. मागणारी होती फिजिऑलॉजीत पीजी करणारी रेसिडेंट. पाठीला सॅक, हातात थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ. थीसिसचा विषय नाइट करणाऱ्या नर्सेसचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन. मग रक्तच का घेत नाही, असं विचारलं तर म्हणाली, सुई टोचण्याच्या धास्तीनंसुद्धा ते वाढू शकतं. शिवाय लाळेत सापडतं ते मोकळं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं कॉर्टिसॉल. ड्युटीवर तीन नळ्या, आणि घरी जाऊन झोपून उठल्यावर चौथी. प्रत्येक नळीच्या आधी तासभर चहा नाही, खाणं नाही, दात घासणं नाही.

"चहा नाही?" आमच्या मावशी दारातूनच म्हणाल्या. "मग नर्सा कशा मिळायच्या तुम्हाला?"

नर्सा मिळाल्या, पण मोजून. तिच्याकडे एक फॉर्म होता आणि त्यात कोण चालणार नाही त्याची यादी होती. थायरॉइडची गोळी चालू असेल तर नाही. पाळी अनियमित असेल तर नाही. पीसीओएससाठी किंवा आणखी कशासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर नाही. दम्याचा स्टेरॉइडवाला पंप, झोपेची गोळी, डिप्रेशनची गोळी, अंगावर पाजणारी आई, सगळ्या बाद. आमच्या आयसीयूच्या ड्युटी लिस्टवर चौदा जणी. चहाच्या टेबलावर बसून ती एकेकीला विचारत गेली आणि एकेक नाव खोडत गेली. उरल्या पाच.

बाद झालेल्यांत आमच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. वय सत्तेचाळीस. गेल्या वर्षभरात त्यांची पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांत. मधूनच अंगातून अशी वाफ निघते की त्या इन्सुलिनच्या फ्रीजचं दार उघडून समोर उभ्या राहतात. तापमानाच्या चार्टवर दोन ते आठच्या मध्ये ठेवायचं असतं म्हणून मोजून दहा सेकंद, मग दार बंद. नाव खोडलं गेल्यावर त्या हसल्या. "म्हणजे ताणाचा अभ्यास करायचा तर जिला काही झालेलं नाही अशीच बाई पाहिजे."

रेसिडेंटनं समजावलं की गोळ्या आणि बदललेले हार्मोन यांमुळे आकडे गढूळ होतात. तिचं बरोबरच होतं. थायरॉइड काही नाइटनंच होतो असं नाही, हे मलाही कळतं. माझ्या आईनं आयुष्यात एक नाइट केली नाही, तिलाही होता. तरी चौदातल्या नऊ खोडलेल्या नावांचा तो कागद माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मला विचारलं असतं तर थीसिस त्या कागदावरच व्हायला हवा होता.

मी चालले. चालले म्हणजे काय, माझी पाळी घड्याळासारखी. तिला पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसांत आलेली नाइट हवी होती. इन्चार्ज सिस्टरांनी ड्युटी लिस्ट आणि माझ्या तारखा शेजारी ठेवून हिशेब केला. ब्रदर समोरच बसला होता, त्यानं मान खाली घालून इंजेक्शन बुक उगाचच उघडलं.

सातातली माझी तिसरी नाइट. आठला ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंट समजून घेतले, नऊला पहिली नळी. मागितली की लाळ येत नाही, हे तेव्हा कळलं. तोंडाला कोरड. ती म्हणाली, चिंच आठवा. लाळ गोळा होईपर्यंत तिनं हान्स सेलिए नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. कॅनडात माँट्रियलला तो उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचून एखादा नवा हार्मोन सापडतो का ते बघत होता. काहीही टोचलं तरी उंदरांना तेच व्हायचं: किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी फुगायच्या, थायमस नावाची ग्रंथी आक्रसायची, पोटात व्रण पडायचे. नवा हार्मोन काही मिळाला नाही, पण १९३६ साली त्यानं हे छापलं आणि त्यातूनच पुढे 'स्ट्रेस' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला.

"उंदरांना नाइट होती का?" मी विचारलं. नळी भरली होती.

तीन वाजताची नळी तिला सगळ्यांत महत्त्वाची. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं आणि पहाटेकडे चढायला लागतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला पोहोचतं. आपण उठायच्या आधीच शरीर चूल पेटवायला घेतं म्हणा ना. सात नाइटमध्ये हे घड्याळ पुरतं फिरत नाही, आणि फिरायला लागावं तोवर आमची मॉर्निंग लागते. म्हणून पहाटे तीनला जाग्या आणि कामात असलेल्या बाईच्या लाळेत काय सापडतं, ते तिला हवं होतं.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी चार नंबरच्या मॉनिटरवर व्हीएफ. म्हणजे हृदय नुसतं थरथरतंय, रक्त पुढे ढकलत नाही.

हार्ट ॲटॅकचा पेशंट, संध्याकाळीच आलेला, अठ्ठेचाळीस वर्षांचा. दहा बेडला आम्ही तिघं होतो: मी, ब्रदर आणि दोन वर्षांची जुनी एक ज्युनिअर. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स, हे कागदावर. मी छातीवर, ब्रदर औषधांवर, मेडिसिनचे रेसिडेंट डोक्याशी आणि शॉकच्या मशीनवर. उरलेले नऊ बेड ज्युनिअरकडे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच सेंटिमीटर खोल, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. बदलायला माणूस नव्हता. ब्रदर दर तीन-चार मिनिटांनी ॲड्रिनलिनचं ॲम्प्यूल फोडत होता, एक मिलिग्रॅम, मागून सलाईनचा पुश. काचेचा तो टक् आवाज आणि माझी मोजणी, एवढंच ऐकू येत होतं.

मग तिसरा आवाज आला. नऊ नंबरचा पंप. नॉरॲड्रिनलिनची सिरिंज संपत आली होती. त्या बाईचं बीपी त्या थेंबांवरच उभं होतं. नवी सिरिंज भरून जोडेपर्यंत साठच्या खाली जायला वेळ लागत नाही. ज्युनिअर दोन बेडच्या मध्ये उभी. हातात फोडलेलं ॲम्प्यूल, आणि बघत होती माझ्याकडे. मी मोजणी न थांबवता ओरडले, "नऊ नंबर! तू नऊ नंबर बघ!" माझे हात कोपरापासून जळत होते.

तेवढ्यात शेजारून कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, सरका." थर्माकोलचा डबा जमिनीवर होता आणि फिजिऑलॉजीची रेसिडेंट छातीवर. इंटर्नशिपनंतर तिनं सीपीआर केला नव्हता, हे नंतर सांगितलं. पहिले चार-पाच दाब वरवरचे गेले, मग लागला सूर. चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला होता, वर करायला हात मोकळा नव्हता. ब्रदरनं केला.

अर्धा तास केलं. तीन वाजून बावीस मिनिटांनी थांबवलं. त्यांच्या बायकोला बाहेर काय आणि कसं सांगितलं, ते इथं लिहीत नाही. नऊ नंबरचं बीपी बासष्टपर्यंत उतरून वर आलं होतं.

मग नेहमीचं. नळ्या काढल्या, अंग पुसलं, मामांना हाक मारली, फाइल लिहायला बसले. पेन धरताना बोटं थरथरत होती. ती जवळ आली, एकदम हळू आवाजात: "सिस्टर, आत्ता नको असेल तर राहू दे." मग स्वतःलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "ॲड्रिनलिन रक्तातून दोन-तीन मिनिटांत ओसरतं. लाळेतलं कॉर्टिसॉल मात्र धक्क्यानंतर वीस-तीस मिनिटांनी टोकाला जातं. म्हणजे साधारण आत्ताच."

"द्या नळी," मी म्हणाले. "आणि तुमचीपण घ्या एक."

तिचेही हात थरथरत होते. झाकण दोनदा पडलं.

या खेपेला चिंच आठवायची गरज पडली नाही. नळी भरून तिच्या हातात दिली, तिनं ट्यूबलाइटसमोर धरली. लाळ गुलाबी होती. मोजताना कधीतरी मी आतून गाल चावला असणार. मला दुखलंही नव्हतं. तिनं विचारल्यावर जीभ फिरवली तेव्हा झोंबलं.

"रक्त मिसळलं की सॅम्पल बाद," ती म्हणाली. "रक्तातलं कॉर्टिसॉल त्यात येतं, आकडा खोटा येतो."

आम्ही दोघी नळीकडे बघत राहिलो. तिनं वहीत माझ्या नंबरासमोर काहीतरी लिहिलं, बहुधा 'रद्द'. पण नळी पिवळ्या बादलीत टाकली नाही. परत बर्फात ठेवली.

सातची नळी नीट झाली. आठला ओव्हर द्यायचा होता, पण चार नंबरचे कागद पुरे होईपर्यंत सव्वानऊ वाजले. इन्चार्ज सिस्टर मॉर्निंगला आल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला. घरी येऊन पडदे ओढले, आडवी झाले. गालात मिठाच्या पाण्याची गुळणी करायची राहिली हे आठवलं आणि तशीच झोपले.

बेल वाजली तेव्हा पडद्याच्या फटीतून कडक ऊन येत होतं. दार उघडलं, सिलिंडर आत घेतला, पावतीवर सही केली. मग ओट्यावर ठेवलेली चौथी नळी दिसली. चहाचं आधण ठेवायला गेलेला हात मागे घेतला, उभ्या उभ्या नळी भरली, उजेडात धरून पाहिली. स्वच्छ होती. फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे ठेवली आणि सोबतचा कागद भरायला घेतला.

उठण्याची वेळ: ११.४०.

आपोआप जाग आली की गजराने, याला दोन चौकोन होते. दोन्ही मोकळे सोडून शेजारी लिहिलं: गॅसवाला.