दहांतले एक नावडते

सॅन फ्रान्सिस्कोच्या केएफओजी या रेडिओ केंद्रावर सकाळी ठीक दहा वाजता एकाच वर्षातली दहा गाणी लागत असत. 'टेन ॲट टेन' हे त्या कार्यक्रमाचे नाव, आणि एका थोर वर्षातली दहा थोर गाणी हे त्याचे ब्रीद. १०४.५ मेगाहर्ट्‌झवरच्या या केंद्राने १९८२ मध्ये रॉक संगीताची वाट धरली होती. नावातच 'फॉग' असल्यामुळे धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा ही त्याची खूण झाली आणि त्याचे श्रोते स्वतःला अभिमानाने 'फॉगहेड' म्हणवून घेऊ लागले. डेव्ह मोरी हे तिथले सकाळचे निवेदक आणि या कार्यक्रमाचे कर्ते. गाण्यांच्या मधल्या जागांत ते त्या वर्षीच्या बातम्यांचे, जाहिरातींचे आणि चित्रपटांतल्या संवादांचे तुकडे पेरत, त्यामुळे गाणी ऐकता ऐकता ते वर्ष समोर उभे राहत असे. पण माझा विषय तो कार्यक्रम नव्हे. तो चालू असताना आणि संपल्यावर ऐकणाऱ्यांमध्ये जे बोलणे चाले, त्याविषयी मला लिहायचे आहे, कारण त्या बोलण्याचा एक गमतीदार नियम मला तिथेच उमगला.

आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावर एक प्रयोगशाळा होती आणि तिथे खिडकीजवळच्या कपाटावर एक जुना रेडिओ ठेवलेला असे. सर्किट बोर्डांवर डाग देणारे तंत्रज्ञ, त्यांच्याकडून काम करून घ्यायला आलेले अभियंते आणि सुट्या भागांची पेटी घेऊन आलेला एखादा माणूस, अशी पाचसहा मंडळी दहाच्या सुमाराला तिथे हमखास सापडत. ओकलंडमध्ये वाढलेल्या एक ज्येष्ठ अभियंता, तरुणपणी बँडमध्ये ड्रम वाजवणारा एक तंत्रज्ञ, व्हिएतनाममधून लहानपणी आलेला एक सहकारी आणि पुण्याहून गेलेला मी हे त्यांतले कायमचे सभासद होतो. उशिरा येणाऱ्याला वर्ष सांगायचे नाही, त्याने ते गाण्यांवरून ओळखायचे, एवढा एकच लेखी नसलेला दंडक होता. चौथ्या गाण्याला आत येऊन गिटारच्या नुसत्या आवाजावरून १९७३ की १९७५ याचा निवाडा करणारे लोक मी तिथे पाहिले आणि माझ्या अभियांत्रिकीच्या पदवीविषयीचा माझा आदर बराच कमी झाला.

नियम असा की, ज्या दिवशी दहाही गाणी सर्वांना आवडतील, त्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी काही बोलत नसे. १९६९ सालाची निवड झाली आणि पलीकडच्या एल सेरिटो गावातल्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलपासून सुरुवात होऊन संताना, बीटल्स आणि लेड झेपेलिन ओळीने आले, तर माना डोलत, एखादा पाय ठेका धरी आणि साडेदहानंतर केव्हातरी माणसे मुकाट्याने आपापल्या जागी परतत. एका वर्षात तीन आल्बम काढणाऱ्या क्रीडन्सविषयी काय बोलणार? सगळे मान्यच होते. उलट दहांत एखादे नावडते गाणे आले की जीभ सुटत असे. हे का घेतले, याच्याऐवजी काय घेता आले असते, हे घेतले नसते तर वर्ष खोटे ठरले असते का, असे प्रश्न मग एकामागून एक निघत आणि दुपारच्या जेवणापर्यंत पुरत.

त्याचा सर्वोत्तम पुरावा म्हणजे १९८५ हे साल. जेफर्सन एअरप्लेन हा बँड १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मला, 'समर ऑफ लव्ह' म्हणून गाजलेल्या १९६७ च्या हिप्पींच्या उन्हाळ्यात तो या शहराचा आवाज होता, पुढे तो जेफर्सन स्टारशिप झाला आणि शेवटी नुसता स्टारशिप उरला. या स्टारशिपचे 'वी बिल्ट धिस सिटी' हे गाणे नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि २००४ मध्ये ब्लेंडर या संगीतविषयक मासिकाने आजवरच्या सर्वांत वाईट गाण्यांच्या यादीतही त्याला पहिलाच क्रमांक दिला. असा दुहेरी मान फार थोड्या गाण्यांच्या वाट्याला येतो. रेडिओवर १९८५ साल सुरू झाले की आता ते लागणार की काय, अशी धास्ती प्रयोगशाळेत पसरे. आणि ते लागले नाही तरी निम्मा वेळ त्याच्याचविषयी बोलण्यात जाई. ओकलंडच्या बाई म्हणत की, एअरप्लेनपासून स्टारशिपपर्यंत गात आलेल्या ग्रेस स्लिकचा १९६७ मधला आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी हे गाणे ऐकणे म्हणजे जुन्या मित्राला विमा विकताना पाहणे आहे. ड्रम वाजवणारा तंत्रज्ञ त्यावर शांतपणे विचारी की, मित्राने पोट भरायचे नाही का? रॉक संगीताच्या व्यापारीकरणावरची यापेक्षा चांगली चर्चा मी नंतर कुठे ऐकली नाही, आणि ती न वाजलेल्या गाण्यावरून झालेली होती.

एकाच वर्षाची अट असल्यामुळे वादाला दुसरेही एक तोंड फुटत असे, ते म्हणजे गाणे नेमके कोणत्या सालचे धरायचे. ओटिस रेडिंग या गायकाचे 'डॉक ऑफ द बे' हे या वादातले कायमचे प्रकरण होते. गोल्डन गेट पूल ओलांडला की येणाऱ्या सॉसलिटो गावात, पाण्यावरच्या एका घरात राहत असताना, १९६७ च्या उन्हाळ्यात त्याने ते लिहायला घेतले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मेम्फिसला त्याचे ध्वनिमुद्रण झाले, १० डिसेंबरला विमान अपघातात रेडिंग वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला आणि जानेवारी १९६८ मध्ये तबकडी बाजारात आली. तबकडी निघाली ते वर्ष धरायचे, हा रेडिओवाल्यांचा साधा हिशेब आहे आणि त्यावाचून त्यांचे चालणारही नाही. परंतु ज्या वर्षाचा एकही दिवस गायकाने पाहिला नाही, ते वर्ष त्याच्या गाण्याचे कसे, हा प्रश्न आमच्या व्हिएतनामी मित्राने एकदा विचारला आणि त्याला उत्तर देणे कोणालाच जमले नाही. मुळात हे गाणे रॉक नसून सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भक्तिगीतांतून आलेल्या शैलीतले आहे, ही हरकतही अधूनमधून घेतली जाई, पण शेवटची शीळ सुरू झाली की हरकत घेणाराही ती सोबत वाजवत असे. फ्लीटवूड मॅकचा 'रूमर्स' हा आल्बमही बराचसा याच सॉसलिटोत १९७६ मध्ये मुद्रित झाला आणि १९७७ मध्ये निघाला. त्याच्या बाबतीत मात्र कोणी भांडत नसे, कारण तो सगळ्यांनाच आवडत असे आणि म्हणून त्याचे साल कोणतेही चालले असते.

तिसरा वाद लांबीचा. डोअर्स या बँडचे 'लाइट माय फायर' आल्बममध्ये सुमारे सात मिनिटांचे आहे. १९६७ मध्ये त्याची एकट्याची तबकडी काढताना ऑर्गन आणि गिटारचे मधले लांबलचक वादन कापून ते तीन मिनिटांच्या आत बसवले गेले. यांतले कोणते खरे, यावर प्रयोगशाळेत दोन तट होते. हा वाद वरवर किरकोळ वाटतो, पण त्याच्या मुळाशी रेडिओचा इतिहास आहे आणि तो बराचसा याच शहरात घडला आहे. साठच्या दशकात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांना आपल्या जोडीच्या एएम केंद्राचा कार्यक्रम निम्म्याहून अधिक वेळ जसाच्या तसा वाजवण्यास बंदी केली. एफएमवर अचानक रिकामा वेळ झाला आणि तो भरायला काहीतरी स्वस्तातले हवे होते. टॉम डोनाह्यू या वजनदार आवाजाच्या आणि तितक्याच वजनदार देहाच्या निवेदकाने १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर आल्बममधली लांब गाणी न कापता वाजवायला सुरुवात केली. निवेदकाने स्वतःच्या पसंतीने गाणी निवडावीत, त्यांची सांगड घालावी आणि ऐकणाऱ्याने त्या निवडीवर वाद घालावा, ही रीत इथूनच रुळली. मोरी यांची दहा गाणी ही त्याच घराण्याची होती. रिकामा वेळ निर्माण करणाऱ्या एका सरकारी नियमातून एवढे संगीत निघाले, याचे मला आजही नवल वाटते.

या सगळ्यात माझे स्थान विचित्र होते. ज्यांच्या आठवणींवर हा कार्यक्रम उभा होता, त्यांतली एकही आठवण माझी नव्हती. १९७७ म्हटले की त्यांना पहिली मोटार आठवे आणि मला आणीबाणीच्या अखेरीची निवडणूक. आमच्या घरी बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागे आणि अमीन सायानींनी जाहीर केलेल्या पायदानांवरून गुरुवारी शाळेत भांडणे होत. तीही नावडत्या गाण्यावरूनच, कारण आपले गाणे वर गेल्याचा आनंद मधल्या सुटीपर्यंत ओसरे, पण भलतेच गाणे वर गेल्याचा राग आठवडाभर टिके. उलट 'आपली आवड'मध्ये श्रोत्यांच्या फर्माइशीची गाणी लागत, नावांच्या याद्या वाचल्या जात, आणि त्या गाण्यांवर कोणी वाद घातल्याचे मला स्मरत नाही. मागून घेतलेल्या गाण्याविषयी माणूस काय तक्रार करणार? आठवणींचे ओझे नसल्यामुळे मला प्रयोगशाळेत पंचाचे काम मिळे. 'याचे बालपण या गाण्यात अडकलेले नाही, यालाच विचारा,' असे म्हणून बाई मला पुढे करीत. मी दिलेला निकाल अर्थात कोणीही मानत नसे.

मोरी डिसेंबर २००८ मध्ये निवृत्त झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये केएफओजी बंद पडून त्या लहरींवर खेळांच्या चर्चा सुरू झाल्या. प्रयोगशाळेतल्या माणसांच्या कानांत त्याआधीच आपापली गाणी शिरली होती. नावडते गाणे अंगठ्याच्या एका हालचालीने पुढे ढकलता येते, आणि ज्याला पुढे ढकलले त्याच्याशी भांडण होत नाही. संगणकाने आपल्या आवडीवरून बनवून दिलेल्या याद्या मीही ऐकतो. त्या फार अचूक असतात, आणि त्यांतल्या एकाही गाण्याविषयी मला कधी कोणाला फोन करावासा वाटलेला नाही.

मध्यंतरी नाशिकहून माझा पुतण्या आला होता. त्याला घेऊन मी मॉन्टेरेला निघालो होतो, जिथे जून १९६७ मध्ये रॉक संगीताचा तो मोठा महोत्सव भरला होता. सॅन होसे सोडल्यापासून त्याच्या फोनवरची यादी वाजत होती आणि आम्ही दोघेही गप्प होतो. गिलरॉयजवळ लसणाचा वास गाडीत शिरला तेव्हा मी मुद्दाम स्टारशिपचे ते गाणे लावले. त्याचा हात पुढे आला, पण मी म्हटले, "थांब, पूर्ण ऐक." गाण्याच्या मध्यावर एक निवेदक गोल्डन गेटविषयी बोलू लागतो, तेव्हा त्याने विचारले, "काका, हा मध्येच कोण बोलतोय?" मी सांगितले की, देशभरच्या रेडिओ केंद्रांनी त्या जागी आपापल्या शहराचे नाव घेणारे आवाज घातले होते, त्यामुळे हे शहर आम्ही बांधले असे ते गाणे प्रत्येक गावाला निराळे ऐकू आले. हे ऐकून तो खूश झाला, आणि गाणे संपल्यावर म्हणाला की, त्याला ते चांगलेच वाटले, इतके नावे ठेवण्यासारखे त्यात काय आहे? मी गाडीचा वेग कमी केला, कारण मॉन्टेरे फार दूर राहिले नव्हते आणि मला जेफर्सन एअरप्लेनपासून सुरुवात करायची होती.