बाबांचा फोन

सगळं नीट पार पडलंय, तरी झोप येत नाही. उद्या पहिला तास नववी ब, त्यात शब्दरूपं. कशी जागी राहणार देव जाणे.

आमच्या कामाच्या मावशींच्या पोराला मोबाईल चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी उचललं होतं, तो संध्याकाळी सुटून घरी आला. मावशींनी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं, बाबा ‘अगं ऊठ, ऊठ’ करत मागे सरकले, दादाने पोराला चहा आणि क्रीमरोल दिला. पोराने क्रीमरोल दोन घासांत संपवला. त्या मोबाईलचं पुढे काय झालं ते कळलं नाही आणि आता कोणी विचारतही नाही.

बाबा पोलिसातून निवृत्त झालेले, त्याच्यासाठी त्यांनी ठाण्यात फोन केला होता. मला खुपतंय ते त्यांचं त्या फोनवरचं एक वाक्य. आधी त्यांनी चष्मा लावला, जुन्या डायरीतून नंबर काढला. मग ओळखपाळख झाली, कोणत्या साली कुठे होतो, तेव्हा साहेब कोण होते. पावसाचं झालं, गुडघ्यांचं झालं. मग त्याच सुरात, “पोरगा आपल्यातलाच आहे हो. चौकशी काय ती करा, पण हात लावू नका हं त्याला.” चहात साखर कमी घाला सांगावं तसं. पलीकडून काही उत्तर आलं, बाबा हसले, “ते काय मला माहीत नाही का!” म्हणाले आणि फोन ठेवला.

ते हसणं. म्हणजे वाक्यही आणि हसणंही. हात लावू नका असं सांगावं लागतं, याचा अर्थ न सांगितलं तर काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाबांना, पलीकडच्याला, दारात पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या मावशींना. मलाही. एकालाही नवल वाटलं नाही.

कायदा शिकणाऱ्या धाकट्या लेकीला विचारलं, तुमच्या कायद्यात काय आहे गं याला? परीक्षा तोंडावर, त्यामुळे पोरगी सुरूच झाली. दंड संहितेत 330 कलम होतं, आता न्याय संहितेत ते 120 आहे. कबुली काढण्यासाठी कोणाला इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. कलमाखाली उदाहरणं दिली आहेत, ती तिने जुन्या पुस्तकातून वाचून दाखवली. पहिलंच उदाहरण असं, की अमुक हा पोलीस अधिकारी, तो तमुकने गुन्हा कबूल करावा म्हणून त्याचा छळ करतो, अमुक दोषी आहे. 1860 च्या कायद्यात पहिलं उदाहरण म्हणून पोलीसच! दरोडेखोर नाही, सावकार नाही. दुसरं उदाहरण चोरीचा माल कुठे ठेवलाय ते काढून घेण्याचं, तेही पोलिसाचंच. तिसरं शेतसारा वसूल करणाऱ्या अंमलदाराचं.

हे असं का, तर त्याच्या पाच-सहा वर्षं आधी मद्रास इलाख्यात कंपनी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला होता. 1855 चा त्याचा अहवाल. रयत लांबलांबून चालत येऊन गाऱ्हाणी सांगत होती. सारा थकला की माणसाला ओणवं करून मान पायाच्या अंगठ्यांना बांधून उन्हात उभं करायचं. लाकडाच्या चिमट्यात बोटं दाबायची. डोळ्यांत मिरची. आयोगाने सगळा ठपका नेटिव्ह नोकरांवर ठेवला आणि गोऱ्या साहेबांना हात झटकायला मोकळं केलं. सारा कोणाच्या तिजोरीत जात होता, हे विचारायचं नसतं.

त्यानंतर 1861 मध्ये ठरलं, की पोलिसापुढची कबुली कोर्टात चालायची नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात तेच 25 वं कलम होऊन बसलं. म्हणजे सरकारने आपल्याच पोलिसांबद्दल लेखी देऊन ठेवलंय, की यांच्यासमोर माणूस जे बोलतो त्यावर भरवसा ठेवू नका. पण लगेच पुढे 27 वं. कबुली नको, मात्र त्या बोलण्यातून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालेल. धाकटी म्हणाली, “आई, पुढचा दरवाजा बंद केला आणि मोरीचं दार उघडं ठेवलं.” म्हणून मग पंचनाम्यात ‘मी लपवून ठेवलेला मुद्देमाल काढून देतो’ हे वाक्य लागतंच लागतं. नव्या कायद्यातही दोन्ही आहेत, एकाच 23 व्या कलमात.

1872 चा तो पुराव्याचा कायदा लिहिणाऱ्या स्टीफन या इंग्रजाने एका अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय. पुरावा शोधत उन्हातान्हात हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरीब बिचाऱ्याच्या डोळ्यांत तिखट चोळणं जास्त सुखाचं. क्रूरपणा नाही, विकृती नाही. आळस! हे ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच ओटा पुसला.

वर्तमानपत्रात तर सर्रास छापतात, ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’. सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा, रोज पान तीनवर, चहाबरोबर. मीही वाचते आणि पुढे राशिभविष्यावर जाते.

आणि इंग्रजांच्या नावाने तरी किती खडे फोडायचे? अर्थशास्त्र कपाटात आहेच, काढलं. चौथ्या अधिकरणात कौटिल्याने छळाचे अठरा प्रकार सांगितलेत. फटके, कोरडे, टांगणं, पाण्याची नळी. आणि नियम किती काटेकोर! ज्याचा दोष जवळपास ठरलाय त्यालाच. लहान मूल, म्हातारा, आजारी, झिंगलेला, वेडा, भुकेला, तहानलेला, वाटचालीने थकलेला, यांना नाही. गरोदर बाईला नाही, बाळंत होऊन महिना झाला नाही तिलाही नाही. एक दिवसाआड, आणि दिवसाला एकच प्रकार. वाचताना अंगावर काटा आला तो क्रौर्याने नाही, त्या नीटनेटकेपणाने.

पण त्याच अध्यायात मांडव्य आहे. महाभारतातला अणीमांडव्य आपण शिकवतो तो मौनव्रती, चोरांचा माल आश्रमात सापडला तरी तोंड उघडत नाही आणि सुळावर जातो. कौटिल्याचा मांडव्य वेगळा. तो चोर नाही, पण यातनांच्या भीतीने ‘मी चोर आहे’ म्हणून मोकळा होतो. म्हणून कौटिल्य बजावतो, की नुसत्या कबुलीवर जाऊ नका, पुरावा पुरा करा. ज्याला हे इतकं स्वच्छ दिसलं होतं त्यानेच अठरा प्रकारांची यादी केली. एका हाताने मांडव्य, दुसऱ्या हाताने पाण्याची नळी.

इतकी वर्षं शाळेत शिकवतेय आणि हा मांडव्य मुलांना सांगावासा वाटला नाही कधी. व्रतवाला बरा पडतो. सुळावर बसून तप करणारा. भ्यायलेला मांडव्य कोणाला हवाय?

दादाचं नेहमीचं सुरू झालं जेवताना. बॉम्ब लावलाय, तासाभरात फुटणार, आणि पकडलेला अतिरेकी बोलत नाही, तर काय त्याला आरती ओवाळायची? चौदावं रत्न दाखवावंच लागतं. धाकटीने ताटातच उत्तर दिलं. 2002 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या वकिलांनी लेखी दिलं, की माणसाला पाण्याने गुदमरवणं हा छळ होत नाही. मग पुढच्या वर्षी एकाच कैद्याला एका महिन्यात 183 वेळा. “मामा, तासाभरात फुटणाऱ्या बॉम्बसाठी 183 वेळा?” दादा म्हणाला, कढी छान झालीये. त्यांच्याच सिनेटच्या समितीने 2014 मध्ये सांगितलं, की माहिती काढायला ही पद्धत कुचकामी होती. दादाला आणखी कढी हवी होती.

मला बॉम्बचं नाही सुचत. मला तो पोरगा दिसतो, मनगटं एवढीएवढीशी. इटलीतला विचारवंत बेकारिया 1764 मध्येच सांगून गेला, की छळाच्या परीक्षेत दणकट गुन्हेगार सुटतो आणि हडकुळा निरपराध अडकतो. हा पहिल्या रट्ट्यालाच मोबाईल काय, अख्खं दुकान कबूल झाला असता.

मलाच का पण हे सगळं? बाकीच्या बायका मालिका बघून झोपल्या असतील. पोरगा घरी आला, बाबांमुळे आला, बाबांचं कौतुक वाटायला हवं. वाटतंही. आणि कौतुक वाटलं की लगेच त्याच्या खालून ते हसणं वर येतं. ‘ते काय मला माहीत नाही का!’ किती माहीत आहे बाबा तुम्हाला? कुठल्या बाजूने माहीत आहे? लहानपणी ते रात्रपाळी करून यायचे, आधी साबणाने हात धुवायचे आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचे. सगळ्यांचेच बाबा हात धुतात. असं काहीबाही डोक्यात येतं आणि स्वतःचीच लाज वाटते.

आई असती तर, जाऊ दे.

शेवटी न राहवून आडून विचारलं. बाबा, तुमच्या वेळी असं फार चालायचं का हो? बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, “एका अंमलदाराकडे ढीगभर गुन्हे तपासाला. गाडी नाही, पेट्रोल नाही, कागदसुद्धा पदरचा. आणि साहेब रोज सकाळी विचारणार, डिटेक्शन किती, किती गुन्हे उघडकीला आणले?” एवढंच. उत्तर दिलं की टाळलं? स्टीफनचा तो सावलीतला अधिकारी आठवला. फरक एवढाच, की बाबांच्या बोलण्यात सावलीसुद्धा नव्हती.

घाशीरामाची गोष्ट बाबांनीच आम्हाला सांगितली होती, मी नाटक बघण्याच्या कितीतरी आधी. 1791, याच पुण्यात. नाना फडणवीसांच्या या कोतवालाने तेलंगी ब्राह्मणांना कोंडलं, बरेच गुदमरून मेले. मग लोक खवळले, घाशीरामाची धिंड काढली आणि त्याला दगडांनी ठेचलं. कोठडीतल्या मरणांचा न्याय असा झाला. बाबा गोष्ट संपवताना म्हणायचे, “कोतवाल मेला, नाना राहिले.” तेव्हा कळायचं नाही. आज डिटेक्शन ऐकलं आणि कळलं.

म्हणजे बाबांना सगळं कळत होतं. हे बरं की वाईट, ते ठरवायची सक्ती माझ्यावर कोणी केलेली नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला मी काही उलटतपासणीला उभं करणार नाही. आणि केलंच, तर मी वापरीन ती पद्धत कोणती? रोज जेवताना थोडं थोडं टोचत राहणं. तीही कौटिल्याच्या यादीत बसली असती, एकोणिसावी.

एवढं खरं, की बाबांच्या त्या वाक्याने काम केलं आणि कायद्याच्या वाक्याने केलं नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात अटकेबद्दल अकरा सूचना दिल्या. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातलगाला कळवलं पाहिजे, दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी. 2020 मध्ये आदेश आला की प्रत्येक ठाण्यात, कोठडीतही, कॅमेरे बसवा. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर आपण 1997 मध्ये सही केली, पण मंजुरी अजून दिली नाही. 2010 मध्ये लोकसभेने विधेयक पास केलं, राज्यसभेत ते समितीकडे गेलं आणि तिथेच विरलं. धाकटी हे पाठ करते. दहा मार्कांना येतं म्हणे.

निघताना मावशींना तिने अगदी कळकळीने समजावलं. पुन्हा कोणी न्यायला आलं तर काय विचारायचं, कुठल्या कागदावर सही मागायची, तुमचा हक्क आहे हा. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, ते असू द्या. आजोबांचा नंबर तेवढा कागदावर लिहून द्या. शेजारच्या दोघीजणी पण मागतायत, त्यांची पण पोरं मोठी झालीत.”

तीन चिठ्ठ्या लिहून दिल्या. धाकटी अजून रुसलेली आहे. बाबा खूश, मोबाईलची रिंग मोठी करून मागत होते. मी करून दिली.