तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच कंपनीच्या फोनवर माझा राग का

"नवा फोन एकाच कंपनीच्या सिमवर निघाला आणि त्यामुळं स्वस्त पडला, तर तुमच्या पोटात का दुखतं?" बीड जिल्ह्यातल्या केजच्या स्टँडजवळच्या माझ्या मोबाइलच्या दुकानात हे गिऱ्हाइकांनी विचारलं, डिस्ट्रिब्युटरच्या पोरांनी विचारलं. दिवाळीत भाच्यानं तर जेवता जेवता विचारलं. दर वेळी मी "जाऊ दे रे" म्हणतो. उत्तर द्यायला लागलो की माझंच पितळ उघडं पडतं.

भाचा पुण्यात शिकलेला, त्याच्याकडं दाखले तयार असतात. अमेरिकेत 2007 साली आयफोन आला तो फक्त एटी अँड टी या मोबाइल कंपनीकडं, आणि 2011 च्या फेब्रुवारीपर्यंत तिथंच होता. 2008 चा आयफोन थ्रीजी तिकडं दोन वर्षांच्या करारावर 199 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या साडेआठ हजारांच्या आसपास मिळायचा. उरलेला बोजा कंपनी उचलायची. आपल्याकडं ऑगस्ट 2008 मध्ये तोच फोन एअरटेल आणि व्होडाफोन दोघांनी आणला, आणि 8 जीबीचा भाव होता 31,000. "मग मामा, कुणाचं भलं झालं?" मी गप्प. केजात तेव्हा तो कुणी घेतला असेल तर माझ्या दुकानातून नाही.

पण तो ज्याला कंपनीनं बोजा उचलणं म्हणतो, त्याला आमच्याकडं उचल म्हणतात. केज-धारूरच्या माणसाला हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. ऊसतोडीचे पैसे आधी घ्यायचे आणि मग हंगामभर मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, नेईल त्या उसाच्या फडात राबायचं.

मी स्वतः हे फोन विकलेत. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सनं 501 रुपयांत हँडसेट हातात दिला, बाकीचं हप्त्यानं, तेव्हा माझा एसटीडी बूथ होता. बूथ बसला, पण मी रडलो नाही, काउंटर बदलला. ते फोन सीडीएमए नावाच्या वेगळ्या तंत्राचे. त्यांना सिम नसायचं, नंबर हँडसेटमध्येच भरलेला. कंपनी सोडायची तर फोन टाकून द्यायचा. तेव्हा मला यात काही वावगं दिसत नव्हतं. ज्या घरात टपालाचं कार्ड आठ दिवसांनी पोचायचं तिथं घंटी वाजायला लागली होती, आणि ती मी वाजवली या तोऱ्यात मी होतो.

2006 च्या दसऱ्याला डोंगरपट्ट्यातलं एक जोडपं आलं. दरवर्षी नदीकाठच्या साखर कारखान्यावर ऊसतोडीला जाणारं. म्हातारी आणि सहावीतलं पोरगं घरी राहणार होतं. एक फोन घरी, एक सोबत. उचलीतले पैसे बाईच्या कनवटीला होते, तिनं ते दोनदा मोजून दिले. मी अशाच एका कंपनीचे दोन हँडसेट काढले. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा एकापेक्षा जास्त होत्या. दुकानात टॉवर फुल. माहितीपत्रकातला महाराष्ट्र सगळा रंगवलेला. "तिकडं लागंल ना दादा?" बाईनं विचारलं. मी म्हणालो, "का नाही लागणार?" त्या महिन्याचं टार्गेट पुरं व्हायला मला चार हँडसेट कमी पडत होते. हे मी आजवर भाच्यालाही सांगितलेलं नाही.

जानेवारीत ते पोरगं एकटंच दुकानात आलं. अंगात शाळेचा सदरा, मुठीत घरचा फोन. "आजी उठंना. बाबाला फोन लागंना." मी त्याच्या फोनवरून लावला, मग माझ्या, मग बूथच्या जुन्या लँडलाइनवरून. प्रत्येक वेळी तीच बाई, त्याच गोड आवाजात, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पोरगं मधेच म्हणालं, "तिला म्हणा ना, बाबाला बोलवा." मी नंबर फिरवतच राहिलो. त्या रानात दुसऱ्या कंपन्यांची रेंज होती, मुकादमाचा फोन तिथं खणखणत होता, पण मुकादमाचा नंबर घरात कुणाकडंच नव्हता. कशाला असेल? स्वतःचा फोन होता ना त्यांच्याकडं.

शेवटी दुसऱ्या टोळीतल्या कुणाच्या तरी भावाकडून निरोप गेला. पोराचा बाप पोचला तिसऱ्या दिवशी, सावडायच्या वेळेला. अग्नी चुलतभावानं दिला होता.

पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, तो दुकानात आला. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "ह्यात दुसरं कार्ड बसतंय का बघा." मी झाकण काढलं, बॅटरी काढली, खालचा स्टिकर दाखवला. कार्डाला जागाच नाही. तो बराच वेळ त्या खोबणीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "राहू द्या. पोरगं सकाळी गजर लावतंय." आणि फोन घेऊन गेला.

भाचा म्हणेल, मामा, हा दोष टॉवरचा, कराराचा नाही. बरोबर आहे. सुटा, म्हणजे कुठलंही सिम चालणारा फोन असता आणि रेंजच नसती, तरी हेच झालं असतं. पण सुटा असता तर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिथल्या टपरीवरून दुसरं सिम घालून बघितलं असतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 ला आली. फोनच कुलपात असेल तर ती सोय कागदावरच राहते. कॅनडानं 2017 च्या डिसेंबरपासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी घातली, ती काय उगाच?

आता माझीच दुसरी बाजू ऐका. त्याच 2017 साली 1,500 रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. त्यात जिओचंच सिम चालायचं. मी तोही विकला, आणि आनंदानं विकला. शेतात भजनं ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना मी काय कॅनडाचा कायदा वाचून दाखवू? उचल वाईट म्हणणारे पुष्कळ आहेत, पण दिवाळीला पोरांच्या अंगावर कपडे उचलीतूनच येतात. पैसे फिटले की कुलूप काढा, असं मी मध्यंतरी म्हणत होतो. पण इथं उचल फिटायच्या आधी पुढची घेतलेली असते, हे मला ठाऊक नाही का?

परवा धारूरकडचा एक तरुण आला, लग्नाला वर्षही झालं नसेल. त्याला एकाच कंपनीच्या सिमवर चालणारा स्वस्तातला फोन हवा होता. मी डबा काढला, पण उघडला नाही. विचारलं, "यंदा कुठल्या कारखान्याला?"

तो म्हणाला, "मुकादमानं अजून सांगितलं नाही."