लाउंज: मिनिटाला ११ रुपये ८० पैसे

माझ्या क्रेडिट कार्डावर एअरपोर्टचं लाउंज फ्री आहे हे मी गेली तीन वर्षं सगळ्यांना ऐकवत आलेय, म्हणजे वापरलं एकदाही नव्हतं, पण आहे एवढा भरवसा होता. मागच्या महिन्यात सासऱ्यांना घेऊन कोचीला जायचं होतं, मोठे दीर तिकडे असतात. अप्पांचं वय ७९, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिकीट मिळालं ते मध्ये विमान बदलायचं, तिथे थांबायचं तब्बल पाच तास. मी म्हटलं काळजी कशाला, आपल्याकडे कार्ड आहे.

इंदूरच्या राजेंद्र नगरहून पहाटे पावणेपाचला निघालो. इंदूर एअरपोर्टला काही त्रास नाही, आपलं एअरपोर्ट लहान, बिजासन मातेच्या टेकडीकडे हात जोडून होतात तोवर आलंच. डिजी यात्रा आपल्याकडे २०२४ च्या सप्टेंबरपासून आहे पण अप्पांना चेहरा दाखवून आत जाणं पटत नाही, त्यांना कागदाचा बोर्डिंग पास हातात लागतो. शिवाय व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवलेली, त्यामुळे सिक्युरिटीला दहा मिनिटांत मोकळे. दशम्यांचा डबा पर्समध्ये होता, लोणचं आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला) मात्र चेक-इनच्या बॅगेत, कारण तिखट आणि तेलाचं लोणचं हातातल्या सामानात नेलं की बाहेर काढायला लावतात, मागे एकदा अनुभव घेऊन झालाय.

खरी कथा पुढच्या एअरपोर्टवर. कुठलं ते जाऊ दे. व्हीलचेअरवाल्या दादांनी लाउंजच्या दाराशी सोडलं, मी ऐटीत कार्ड पुढे केलं, काउंटरवरच्या मुलीने मशीनला लावलं, डिक्लाइन. परत लावलं, परत डिक्लाइन. मागे रांग. मग ती म्हणाली, मॅम, गेल्या तिमाहीत कार्डावर ३५ हजार खर्च झाला असेल तरच या तिमाहीत एन्ट्री मिळते. मी ॲप उघडून बघितलं तर खर्च ३१ हजार काहीतरी. म्हणजे मिक्सर यूपीआयने घेतला नसता तर आत होते.

आणि झालं असतं तरी एकच माणूस फ्री, अप्पांचे पैसे पडलेच असते, हे बारीक अक्षरात लिहिलेलं मी तिथे उभ्याने वाचलं. मशीनवर दोन रुपये कटतात ना, ती काही एन्ट्रीची किंमत नसते, कार्ड चालू आहे का आणि लाउंजच्या सवलतीत बसतंय का एवढं बघायला ते दोन रुपये. खरे पैसे नंतर बँक भरते, दर माणशी. आणि सगळेच कार्ड घेऊन फुकट नाश्त्याला यायला लागले तेव्हा बँकांनी हात आखडता घेतला. हे सगळं मला समजावलं कोणी, तर अप्पांनी. चाळीस वर्षं बँकेत काढलीत, सून काउंटरवर लाजेने लाल झालीय आणि हे म्हणतायत, "बँकेचं बरोबर आहे."

बाहेरच्या खुर्च्या बघितल्या. लोखंडी, मध्ये हँडल असलेल्या, पाय लांब करायची सोय नाही, आणि टॉयलेट पार त्या टोकाला. म्हटलं भरते पैसे. १,८०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी २,१२४, तीन तासांचे. दोघांचे ४,२४८. पावती हातात आल्यावर आत बसून फोनवर बघते तर तेच लाउंज आदल्या दिवशी ऑनलाइन घेतलं असतं तर १,५०० अधिक टॅक्स, १,७७०. हे मी अप्पांना सांगायला नको होतं.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, बोर्डिंग पास उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या जागेत हिशोब मांडला. १८० मिनिटं, २,१२४ भागिले १८०, अकरा रुपये ऐंशी पैसे. दोघांचे मिनिटाला तेवीस रुपये साठ पैसे. खाली दोन रेघा मारल्या, लेजरला मारतात तशा. मी कॉफीच्या मशीनशी बटणं दाबत उभी होते, दूध येईना, तर मागून आवाज, "अगं, सत्तर रुपये झाले तिथे."

आता खाण्याचं. पाटीवर लिहिलं होतं इंदोरी पोहे. इंदूरच्या माणसाला याहून मोठं आमिष नाही, अप्पा पण सरसावून बसले. झाकण उघडलं तर शेंगदाणे, बटाटा, कढीपत्ता, म्हणजे पुण्याला आत्याकडे मिळतात ते. बडीशेप नाही, सेव नाही, जीरावनाचा पत्ता नाही (आमचं जीरावन विमानाच्या पोटात). अहो, आपल्याकडे पोह्याचं भगोनं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं असतं, खालून वाफ लागत राहते म्हणून सकाळी सहाचे पोहे दहाला पण मऊ. इथे खाली एक मिणमिणता डबा पेटवलेला आणि कडेचे पोहे चिवड्यासारखे वाजत होते. इडली बरी होती, सांबार गरम होतं, फळं कापून ठेवलेली ती ताजी. चहा डिपचा. बाकी दहाबारा पदार्थ होते, चव सगळ्यांची एकच.

मग अप्पांनी डबा काढायला लावला. मी म्हटलं अप्पा, बाहेरचं चालत नाही इथे, पाटी आहे. ते म्हणाले, चार हजारांत बसलोय, दशमी खाल्ली तर कोण काय म्हणतंय. म्हणणारा आलाच, बावीस-तेवीसचा मुलगा, सर आउटसाइड फूड अलाउड नहीं है. अप्पांनी त्याला शांतपणे विचारलं, भिया, अचार का पॅकेट मिलेगा क्या? तो बघतच राहिला. मग हसला, दोन पाकिटं आणून दिली, आणि जाताना म्हणाला डबा जरा टेबलाखाली ठेवा. अशा दशम्या मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या, पर्समधून एकेक तुकडा.

प्रीमियम म्हणजे नक्की काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गर्दी बाहेरच्याइतकीच, एक साहेब फोन स्पीकरवर टाकून ऑफिसची मीटिंग करत होते, शॉवरचे पैसे वेगळे. पण दोन गोष्टींसाठी मी पुन्हा पैसे भरीन. एक, कोपऱ्यातली पाय वर घेता येणारी खुर्ची, अप्पा त्यात पन्नास मिनिटं झोपले, घोरले पण. दुसरं टॉयलेट, स्वच्छ, रांग नाही, आणि कमोडशेजारी धरायला दांडी. गुडघ्याचं माणूस बरोबर नसेल तर या दांडीची किंमत कळायची नाही. मला बाहेर उभं राहून कोणाला हाक मारावी लागली नाही.

एक सांगते, आत अनाउन्समेंट होत नाही. आणि व्हीलचेअर एअरलाइनची, लाउंजची नाही, त्यामुळे न्यायला कोण येणार हे सोडतानाच विचारून घ्यायचं. मी नंबर लिहून घेतलेला म्हणून बरं, काउंटरवर तोवर दुसरी मुलगी बसली होती, तिला आमचा पत्ताच नव्हता.

तीन तास अकरा पन्नासला संपत होते. अकरा चाळीसला दादा आले तर अप्पा उठेनात. म्हणे अजून दहा मिनिटं आहेत, एकशे अठरा रुपये माझे एकट्याचे. बसले. दादा पण बसले, त्यांना मी पाणी आणून दिलं.

गेटवर मुलीने बोर्डिंग पास फाडून अर्धा परत दिला, हिशोब नेमका तिच्याकडच्या तुकड्यावर गेला. मला वाटलं सुटले. कोचीला पोचून चौथ्या दिवशी, जेवताना, सगळ्यांसमोर, "अगं, परतीचं लाउंज ऑनलाइन घेतलंस का? दोघांचे सातशे आठ वाचतात."