दाणे खाल्ले की दोन तासांनी

शेंगदाण्याची ॲलर्जी म्हटलं की अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं एवढंच आपल्याला माहीत असतं. माझ्या मुलाला यातलं काहीच झालं नाही, आणि म्हणूनच निदानाला वेळ लागला. आमच्या सांगलीकडे दाण्याच्या कुटाशिवाय स्वयंपाक होत नाही. ज्यांच्या घरी बाळ नुकतंच वरचं खायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

उष्टावणानंतर तो सगळं आवडीनं खायचा: मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व. सातव्या महिन्यात सासूबाईंनी भाजलेल्या दाण्यांचं अगदी बारीक कूट भातात कालवून भरवलं. खाल्लं, खेळला, झोपला. दोन-सव्वादोन तासांनी उठला तो उलटी करतच. एकामागून एक उलट्या, पोट रिकामं झालं तरी हिरवट पाणी पडत राहिलं. चेहरा पांढराफटक, हाक मारली तरी डोळे उघडेना. ताप नव्हता. रात्री जुलाब झाले. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, म्हणून जंतुसंसर्ग समजून सलाईन आणि अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या दिवशी मूल ठणठणीत.

काही दिवसांनी पुन्हा तेच. कोणी म्हणालं दात येतायत, कोणी म्हणालं बाहेरचं पाणी बाधलं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायला लागले: काय खाल्लं, किती वाजता, उलटी किती वाजता. तिसऱ्या खेपेला ते पान घेऊनच मिरजेला एका बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि आधी ते पान वाचलं. प्रत्येक वेळी कूट होतं, आणि प्रत्येक वेळी मधे साधारण दोन तास गेले होते.

त्यांनी सांगितलेलं नाव लांबलचक आहे: फूड प्रोटीन-इंड्यूस्ड एन्टरोकोलायटिस सिंड्रोम. डॉक्टर लोक त्याला थोडक्यात ‘एफपाईज’ म्हणतात. ही ॲलर्जी आतड्यात होते. नेहमीच्या ॲलर्जीतली आयजीई नावाची प्रतिपिंडं इथे कारण नसतात, त्यामुळे रक्ताची आयजीई तपासणी आणि त्वचेवरची टोचून केलेली तपासणी बहुधा निगेटिव्हच येते. उलट्या खाल्ल्यानंतर एक ते चार तासांत सुरू होतात, जुलाब त्यानंतर काही तासांनी. गाईचं दूध, सोया, तांदूळ, ओट्स, अंडं, मासे यांनीही हे होतं. आमचा आयजीई रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, ‘बघ, ॲलर्जी नाहीच!’ हे समजावून सांगणं मला सगळ्यात जड गेलं. निदान होतं ते खाणं आणि उलटी यांच्यामधल्या वेळेवरून, आणि तो वेळ घरच्यांशिवाय कोणाला माहीत असणार?

डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहून दिली, ती अजून माझ्या पर्समध्ये असते. असं झालं तर आधी सलाईन, उलटी थांबायला ऑन्डान्सेट्रॉन. नेहमीच्या तीव्र ॲलर्जीत देतात त्या ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचा या प्रकारच्या झटक्यात उपयोग होत नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांना तोंडी सांगून पटत नाही, लिहिलेलं पटतं. या आजाराची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ साली आली, त्यामुळे सगळ्यांनाच तो ठाऊक असेल अशी अपेक्षा मी धरत नाही.

घरात कुटाचा डबा वरच्या फळीवर गेला. त्याची भाजी आधी काढून मग आमच्या भाजीत कूट. घाण्याचं शेंगतेल त्याच्यापुरतं बंद केलं, कारण त्यात दाण्याचं प्रथिन राहू शकतं. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी प्रेमानं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यात दाणे होते. मी तो परत मागितला तेव्हा त्या दुखावल्या, पण दुसऱ्या दिवशी नुसत्या तिळाच्या वड्या करून घेऊन आल्या. बदाम त्याला आधीपासून सोसत होता, तो डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितला. विनाकारण सगळंच बंद करू नका, हे त्यांनी बजावलं.

हे वाचून कोणी बाळाला दाणे द्यायचेच टाळू नये, असं मला मनापासून वाटतं. लंडनमधल्या २०१५ च्या मोठ्या अभ्यासात, ज्या बाळांना धोका जास्त होता त्यांना लवकर शेंगदाणा दिल्यावर पटकन उठणारी ॲलर्जी खूप कमी झाली. एफपाईज त्यामानाने क्वचित होतो, आणि बहुतेक मुलं लहान वयातच त्यातून बाहेर पडतात.

शेवटच्या झटक्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर, दाणे आता सोसतात का ते बघायला कोयना एक्सप्रेसने पुण्याला गेलो. दवाखान्यात हाताला सुई आधीच लावून ठेवली, मोजून दाण्याची पूड दिली आणि आम्ही वाट बघत बसलो. तासाभराने नाही, दोन तासांनी नाही, चार तासांनीही उलटी नाही. घरी कूट चिमटीपासून वाढवत नेलं. आता तो कोशिंबीर खातो. काजू अजून दिलेला नाही. द्यायचा तेव्हा सकाळीच, आणि रविवारी नाही. दवाखाना उघडा असेल अशाच दिवशी.