तुम्ही विचारलंत म्हणून: मी पोरांना "थांब" का म्हणते

यंदाच्या पेंटेकॉस्टच्या सणाला पण झालंच, चर्चमधली उपासना सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी. "टीचर, स्थिरीकरणाचा वर्ग तुम्हीच घेता आणि पोरांना यंदा नको, थांब, असं पण तुम्हीच सांगता, हे कसं काय?" विचारणारी माणसं चांगली आहेत, वाईट हेतूने कुणी विचारत नाही. एका काकांनी मात्र हातात समोसा धरून सांगितलं की तुम्ही देवाच्या आणि लेकराच्या मधे उभ्या राहताय. मी नेहमीसारखं हसून "दहावीचं वर्ष आहे हो" म्हणाले आणि सुटले. दहावीचं वर्ष हे कारण नाही. कधीच नव्हतं. म्हणून आता एकदाच सगळं टाइप करून ठेवते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तुम्हाला माहीत आहे. गोव्यात वास्कोतली चाळीसेक घरं, मिरज, कोल्हापूर, नगर, बेळगावकडून कुणी पोर्टात, कुणी रेल्वेत, कुणी नेव्हीत नोकरीला आलेली. पोरं इथंच जन्मलेली, शाळेत कोकणी, ट्यूशनला हिंदी-इंग्लिश, घरी मराठी. वर्गातली मुलं त्यांना विचारतात, "तूं किरिस्तांव मरे, मग मराठी कित्याक उलयता?" म्हणजे तू ख्रिस्ती ना, मग मराठी का बोलतोस. मी पोरांना सांगते की फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताचं पुराण मराठी ओव्यांत लिहिलं आणि ते 1616 साली इथंच, रायतूरला, छापलं, सांगा त्यांना. सांगत कुणी नाही अर्थात. पंधरा वर्षांच्या पोराला वर्गात 1616 सांगायचं नसतं, त्याला फक्त वेगळं दिसायचं नसतं. सांगायचा मुद्दा एवढाच की या मुलांना मंडळी सोडली तर दुसरी "आपली माणसं" नाहीत, आणि त्याच माणसांना घरातलं काही कळता कामा नये असं घरून बजावलेलं असतं.

स्थिरीकरण म्हणजे काय हे आमच्यात कुणाला सांगायला नको, पण बाहेरचं कुणी वाचत असेल तर: बाप्तिस्मा आईबापांनी बाळपणी दिलेला, त्याला हे मूल पंधरा-सोळाव्या वर्षी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने हो म्हणतं, मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला, घेतं. आमच्याकडे त्या दिवशी मुलांनी साक्ष द्यायची पद्धत आहे, दोन-तीन मिनिटं, देवाने माझ्या आयुष्यात काय केलं. ती पद्धत मीच सुरू केली. आधी फक्त प्रश्नोत्तरं पाठ करून म्हणायचे, मला ते पोपटासारखं वाटायचं.

2017 ची गोष्ट. पेंटेकॉस्ट 4 जूनला होता. वर्गात पाच मुलं, त्यातला एक, नाव देत नाही. वडील बोटीवर, क्रूझच्या किचनमध्ये. इथं कुणाकुणाच्या घरात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, बाबा म्हणजे आठ-नऊ महिने व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज आणि मग दोन महिने सोफ्यावर बसलेला पाहुणा. या मुलाचे बाबा काँट्रॅक्ट संपल्यावर घरी आलेच नाहीत. मुंबईत दुसरं घर होतं. पैसे यायचे थांबले, आणि मग बाबांचा फोन आला की इथला बायणातला फ्लॅट विकायचा आहे, तो माझ्या नावावर आहे. आई एका नर्सिंग होममध्ये आया. ती माझ्याकडे आली जानेवारीत, आणि मी काय केलं, तर दर शुक्रवारी उपास आणि प्रार्थना. चार महिने. चार महिन्यांनी मंडळीतल्या एका रिटायर्ड क्लार्कांना कळलं, त्यांनी दहा मिनिटांत विचारलं की लग्न गोव्यात नोंदवलंय ना, रजिस्ट्रारकडे दोन्ही सह्या झाल्यात ना, मग वेगळा करार केला नसेल तर इथल्या सिव्हिल कोडप्रमाणे निम्मं तुझं आहे, तुझ्या सहीशिवाय तो विकू शकत नाही. 1867 पासूनचा पोर्तुगीजांचा कायदा. मी याच गोव्यात दोनदा सही करून लग्न केलेली बाई, मला हे सुचलं नव्हतं. उपास मी अजून करते, उपासाला नावं ठेवत नाहीये, पण ते चार महिने ती बाई झोपली नव्हती.

असो, मुलाकडे येते.

मे महिन्यात त्याने साक्ष लिहून आणली. रेघांच्या वहीचं पान, दोन्ही बाजूंनी, निळं बॉलपेन, अक्षर उताराला लागल्यासारखं खाली खाली जाणारं. मी तपासायला घेतली. लाल पेन, दिवसभर एजन्सीत बिलं तपासायची सवय. त्याने लिहिलं होतं, "मला बाबांचा राग येतो." मी "येतो" खोडून "यायचा" केलं. एकच शब्द. पुढे लिहिलं होतं, "उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप घरी असतो आणि मुलगा परत येतो. आमच्या घरी मी घरी आहे आणि बाप उधळा आहे. मग मी वाट बघायची का?" हे मी अख्खं काढलं. समासात लिहिलं, "विषयाला सोडून." आणि शेवटी जागा उरली होती तिथं माझ्या अक्षरात घातलं, "आज मी माझ्या बाबांना मनापासून क्षमा केली आहे." त्याला विचारलं, चालेल ना? तो हो म्हणाला. टीचरला नाही कोण म्हणणार?

मला तेव्हा काय वाटत होतं ते पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणी कसाई होते. मला खरंच वाटत होतं की आधी तोंडाने बोललं की मन मागून येतं. आपण प्रार्थना पण तशीच शिकवतो ना, आधी शब्द, मग अर्थ. आणि मला त्याला लोकांसमोर उघडं पाडायचं नव्हतं, सगळ्यांना त्या घरातलं माहीत होतंच, पण माहीत असणं वेगळं आणि माईकवर येणं वेगळं. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं की बिशपसाहेब येणार होते आणि मला साक्ष सुंदर व्हायला हवी होती.

झालीसुद्धा सुंदर. नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. वाचताना कुठं अडखळला नाही. "क्षमा केली आहे" म्हटल्यावर मागून दोन-तीन आमेन आले, बायका डोळे पुसत होत्या, त्याची आई तर हुंदके देत होती, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तो जरा जास्त वेळ ठेवला असं मला वाटलं. नंतर जेवण होतं, पुलाव आणि चिकन. तो ताट घेऊन पंख्याखाली बसला होता आणि जेवत नव्हता, मी जाता जाता म्हटलं, "खा रे, आज तुझा दिवस आहे."

रात्री साडेनऊला त्याच्या आईचा फोन. तो तुमच्याकडे आलाय का? फोन घरी ठेवून गेला होता. मिस्टरांनी स्कूटर काढली. बायणा बीच, स्टेशन, बसस्टँड, परत बायणा. पाऊस पडत नव्हता नुसतं घामट, शर्ट अंगाला चिकटत होता. बारा वाजून गेल्यावर मिस्टर म्हणाले खारीवाड्याला बघू. जूनपासून मासेमारी बंद असते, ट्रॉलर एकाला एक लावून उभे, जेटीवर चिटपाखरू नाही, जाळ्यांचा वास आणि कुत्री. तो शेवटच्या टोकाला बसला होता, पाय पाण्याकडे सोडून, तोच पांढरा शर्ट.

मी जवळ बसले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "टीचर, मी खोटं बोललो."

म्हटलं कधी?

"सकाळी. देवासमोर. मी बाबांना माफ नाही केलंय. आणि मग प्रभुभोजन पण घेतलं."

आम्हीच शिकवलेलं होतं ना, अयोग्य रीतीने जो भाकर खातो आणि प्याला पितो तो दोषी ठरतो. त्याने ते चांगलं लक्षात ठेवलं होतं. पंधरा वर्षांचा मुलगा जेटीवर बसून हिशेब करत होता की आपल्याला आता नरकात जावं लागणार, आणि ज्या वाक्यासाठी जाणार ते वाक्य माझं होतं, माझ्या अक्षरातलं.

इथं मी म्हणायला हवं होतं की ते मी लिहिलं, चूक माझी. मी म्हणाले, "असं नसतं रे, विश्वासाने बोललास ना, भावना येतील मागून." शपथ सांगते, रात्री एक वाजता, त्या जेटीवर, मी अजून पण "येतो" चं "यायचा" करत होते. त्याने खिशातून तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. घामाने ओला झालेला, लाल शाई गुलाबी होऊन पसरलेली. मग उठला आणि मिस्टरांच्या मागे स्कूटरवर बसला.

तो कागद माझ्याकडे आहे. समासातलं "विषयाला सोडून" अजून वाचता येतं.

त्यानंतर तो दोन-तीन रविवार आला, मग नाही. आता तो स्वतः बोटीवर आहे, किचनमध्येच. नाताळला मेसेज येतो, हॅपी ख्रिसमस टीचर, एक झाड, एक तारा. आईच्या ऑपरेशनच्या वेळी आला होता तेव्हा उपासनेला मागच्या बाकावर बसला आणि प्रभुभोजन सुरू व्हायच्या आधी उठून गेला. मी मागे गेले नाही. जायला हवं होतं का, माहीत नाही. आई मला कधी एका शब्दाने बोलली नाही, उलट अजून पोदेर, पाववाला, आला की माझ्यासाठी चार पाव जास्त घेऊन ठेवते, आणि ते मला जड जातात.

तर तेव्हापासून मी मुलांना विचारते, घरात काय चाललंय. आणि घर पेटलेलं असेल तर म्हणते की थांब, पुढच्या वर्षी घे, देव कुठं जात नाही. आधी जेवलास का विचारते. बंद खोलीत बोलत नाही. कुणाला सांगणार नाही असं वचन आता देत नाही, कारण मुलांच्या लैंगिक छळाच्या गोष्टी कळल्या तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवायलाच लागतात, आणि मी ते मुलांना आधीच सांगते, म्हणजे ती ठरवतात मला किती सांगायचं. 1098, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. एका मुलीला बांबोळीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मंडळीत महिनाभर कुजबुज होती की टीचरनी बांबोळीला नेलं, जणू काही मी तिला जेलमध्ये टाकून आले. आणि इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं पहिलं वचन, आईबापांच्या आज्ञेत राहा, ते शिकवताना चौथं पण शिकवते, बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. वीस वर्षं पहिलंच शिकवत होते. स्तोत्र 88 पण वाचून घेते. त्यात शेवटी सगळं ठीक होत नाही, अंधारातच संपतं, आणि ते तसंच पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी लाल पेन लावलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, टीचर शहाण्या झाल्या. झाले नाहीये. कारण माझ्या "थांब" चा हिशेब पण ऐका. एका मुलीला थांब म्हटलं, घरात वाटणीवरून कोर्टकचेरी चालली होती, ती थांबली ती थांबलीच, आता बंगलोरला आहे, चर्चचं नाव काढत नाही, आणि तिचे वडील माझ्याशी प्रभूची शांती सुद्धा करत नाहीत. दुसरी एक, बाप रोज पिऊन यायचा, तिने माझं ऐकलं नाही, भांडून स्थिरीकरण घेतलं, आणि परवा मला म्हणाली की टीचर, त्या वर्षात ते एकच माझं स्वतःचं होतं. मी तिला थांबवलं असतं. म्हणजे मी तिच्या हातातलं ते एक पण काढून घेतलं असतं.

कधी कधी 2017 मधली मी माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू घाबरलीस, आणि तुझ्या घाबरण्याला तू शहाणपण म्हणतेस. एका मुलाच्या बाबतीत चुकलीस म्हणून सगळ्यांना दारात उभं करतेस. मी तिला सांगते, बाई, तू दार उघडत नव्हतीस, तू ढकलत होतीस. ती म्हणते, ढकललेली चार जणं अजून रविवारी येतात, मोज. त्या वर्गातली बाकीची चार खरंच येतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि कुणी टिळकांचं उदाहरण देतं, कवी नारायण वामन टिळकांचं, की बघा, बाप्तिस्म्याने घर मोडलं तरी देवाने जोडलं. 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, 1900 मध्ये त्यांनी स्वतः घेतला. आम्ही हे व्यासपीठावरून दर दोन-तीन वर्षांनी ऐकतो. पण लक्ष्मीबाईंनी ती वर्षं घेतली, हे लक्षात घ्या, त्यांना कुणी मे महिन्यात कागद तपासून जूनमध्ये उभं केलं नाही. आणि मला हल्ली त्या गोष्टीत त्यांचा मुलगा दत्तूच दिसतो, चार वर्षांचा होता बाप ख्रिस्ती झाला तेव्हा. त्या वर्षांत त्याला रात्री काय वाटत असेल, हे व्यासपीठावरून कधी कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

यंदाच्या वर्गात चार मुलं आहेत. तिघांची नावं मी यादीत दिली, चौथ्याच्या पुढे रिकामं ठेवलं, त्यावरूनच हे सगळं सुरू झालं. तो मुलगा मागच्या आठवड्यात पान घेऊन आला, "टीचर, साक्ष लिहिलीय, पुढच्या वर्षासाठी, तपासाल?" मी म्हटलं मी हातात घेणार नाही, तूच वाचून दाखव. त्याने वाचली. आईबद्दल लिहिलंय, वाईट लिहिलंय, आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन पण चुकलं असणार असं मला ऐकूनच कळत होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "हे असंच वाचलं तर चालेल?"

मी म्हटलं, आईला आधी दाखवणार का? तो म्हणाला, नाही.

पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून आम्ही खाली जाऊन वडापाव खाल्ला.